अव्हेल

एव्हारिश्त मास्तरांचा इंग्रजी कोश
माझ्याकडे बांधणीला आला तो गोणपाटात,
पाठ मोडलेला.
पहिला खंड तेवढा. बाकीचे म्हणे
पुतण्याने रद्दीत घातले, वजनावर.

चोडणात माझं दुकान म्हणजे
पडवीतला एक दाब, दोन सुया, खळीचं डबडं.
खळीत मी मोरचूद घालतो.
कसर तरीही येते. तिला वाचनाचा नाद.

या खंडात ती एका क्रियापदाच्या
पोटातून शिरली होती
आणि सरळ खाली गेली होती, सदतीस पानं.
क्रियापदाच्या पुढे बारीकसा खुरीस,
आमच्या धक्क्यावर आहे तसाच,
फक्त मेणबत्ती नाही, झेंडूची माळ नाही.
मास्तर म्हणाले, ज्याच्यापुढे खुरीस तो शब्द मेला.
साडेतीनशे वर्षं कोणी बोलत नाही.

मी अक्षरं जुळवली. अव्हेल.
आपल्या जिभेवर अव्हेर होता होता राहतो,
अवहेलना होता होता वाचतो.

अर्थ त्यांनी फोनवर सांगितले,
मध्ये मध्ये खोकत:
शीड उतरवणे.
थोरामोठ्यांपुढे टोपी काढणे.
घोड्यावरून पायउतार होणे.
पाण्याने खोऱ्याकडे, खाली, जात राहणे.
फ्रेंचांच्या घरची लेक, म्हणाले,
इंग्रजांकडे दिली, तिथे निपुत्रिक गेली.
माहेरी तिची बहीण अजून आहे,
पण आता तिला एकच काम. गिळणे.

मी पुन्हा भोकाकडे बघितलं.
उतरत, गिळत गेलेली कसर,
दोन्ही घरचे अर्थ कोळून प्यालेली.
इतका चोख त्या शब्दाला
याआधी कोणी चालवला असेल?

भोक बुजवू का, मी विचारलं.
नको. वारा लागू दे त्याला.

शनिवारी कोश घेऊन
रायबंदरच्या फेरीबोटीत चढलो.
मांडवीला ओहोटी, खारफुटीची मुळं उघडी,
चिखलात एक बगळा, हिशेब तपासत असल्यासारखा.
धक्का जवळ आला. साखळी खडखडली.
बोटीची लोखंडी फळी
गुडघ्यातून वाकत खाली जाऊ लागली
आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं,
अव्हेल.

साखळीवरचा शाबी गर्रकन वळला.
"व्हेलें? कितें व्हेलें? कोणें व्हेलें?"
काय नेलं, कोणी नेलं,
हातातली साखळी तशीच धरून विचारत होता,
चोर अजून बोटीवरच असल्यासारखा.
मागून स्कूटरवाले हॉर्न देत होते.
काय नेलं ते मला नीट सांगता येईना.
कोणी नेलं ते तर मुळीच नाही.
"कांय ना रे," म्हटलं, आणि उतरलो.

मास्तर हल्ली खाली येत नाहीत.
जिना सोसत नाही, म्हणतात.
पोदेराचा भोंगा वाजला, टपाल आलं,
की सज्जातून दोरीने टोपली सोडतात.
आजही सोडली.
हिसके खात, भिंतीचा चुना खरवडत,
नळाच्या पाइपाला एकदा अडकून
ती माझ्या छातीशी येऊन थांबली.
मी वर बघत राहिलो.
कोणी बोलत नाही म्हणे.
दोरीला कोणी हे सांगितलेलं नव्हतं.

कोश टोपलीत ठेवला. अडीच किलो तरी असेल.
दोरी ताणली, दोनदा मध्येच थांबली,
वरून मास्तरांची धाप ऐकू आली.
मग पानांची सळसळ.
मग बराच वेळ काहीच नाही.

टोपली पुन्हा उतरली.
दोन उंडे, अजून कढत,
आणि घडी घातलेल्या नोटा.
मोजल्या. दहा रुपये कमी.

"भोक बुजवलं नाहीस ना," वरून आवाज आला,
"त्याचे."